सोसायटीच्या बागेत बाक टाकताय? आधी आगीचं बघून घ्या

आमच्या सोसायटीच्या कमिटीत "गार्डन आणि कार्यक्रम" हे खातं कुणालाच नको असतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. म्हणजे बाक कुठले घ्यायचे, गणपतीला खुर्च्या कुणाकडून आणायच्या, कोजागिरीला दूध आटवायची शेगडी कुठं मांडायची, असली सगळी कामं. पहिल्या वर्षी बाक घेताना मी तीनच गोष्टी बघितल्या: किंमत, रंग, आणि बसल्यावर पाठ दुखते का. आग वगैरे डोक्यातच नव्हतं. उघड्यावरचा बाक, वर आभाळ खाली माती, त्याला कसली आग लागतेय.

मग दिवाळी आली. पाडव्याला पहाटेचा गाण्याचा कार्यक्रम होता म्हणून मंडपवाल्यानं आदल्या संध्याकाळीच खुर्च्या आणून कंपाउंडच्या भिंतीला लावून चळत मारून ठेवल्या, आणि वर त्या साटीनच्या कव्हरांचं गाठोडं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणाचं तरी रॉकेट आडवं गेलं आणि बरोबर त्या गाठोड्यावर. आधी कापड पेटलं, मग वरची खुर्ची, आणि मग जे झालं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं, खुर्ची नुसती जळत नव्हती, ती वितळून पेटलेले थेंब खाली टपटप पडत होते आणि ते थेंब पेव्हर ब्लॉकच्या उतारावरून टू-व्हीलर पार्किंगकडं सरकायला लागले. वॉचमननं बागेचा पाइप धरला, दोघातिघांनी बांधकामाची वाळू घमेल्यानं टाकली, विझलं. अकरा खुर्च्या गेल्या, कुणाला काही झालं नाही. मंडपवाल्याचं म्हणणं एकच, "साहेब, इतकी वर्षं धंदा करतोय, असं कधी होत नाही."

तेव्हापासून जे वाचलं, विचारलं, करून बघितलं ते नवीन कमिटीवाल्यांसाठी, मंडळाच्या पोरांसाठी, ज्यांना पहिल्यांदाच हे करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिलं काम: आहे ते कशाचं आहे ते ओळखा

एक वही घ्या आणि फेरी मारा. प्रत्येक बसायची जागा कशाची आहे ते लिहा. बाक "प्लास्टिकचा" असं लिहून चालणार नाही, कारण प्लास्टिक-प्लास्टिकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सिमेंटचे बाक, दगडी पार, कडाप्पा, ग्रॅनाइट: हे जळत नाहीत, विषय संपला. खूप तापले तर तडकतात, कपचे उडतात, पण आगीला खायला काही देत नाहीत. शिवाजी पार्कचा कट्टा किंवा मरीन ड्राइव्हचा कठडा बघा, पिढ्यान् पिढ्या लोक बसतायत, सिगरेटी विझवतायत, काही होत नाही. गावच्या वडाच्या पारावर पणत्या लावतात, तेल सांडतं, तरी दगड तसाच. "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहिलेल्या सिमेंटच्या बाकाला आपण हसतो पण आगीच्या बाजूनं त्याच्याइतका गुणी बाक नाही. उन्हात तापतो हे खरं.

बीडाचे (म्हणजे ओतीव लोखंडाचे) आणि साधे लोखंडी बाकही जळत नाहीत, मात्र बसायच्या पट्ट्या कशाच्या आहेत ते बघा. लोखंडी पाय आणि वर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर तो बाक आगीच्या हिशोबात त्या पट्ट्यांचा.

लाकूड जळतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं लोक उगाच लाकडालाच घाबरतात. जाड फळी असेल तर बाहेरून कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला जरा वाचवतो, साधारण मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर असा जळत आत जातो. म्हणजे दीड-दोन इंची सागवानी फळी पटकन पेट घेत नाही. पण अर्ध्या इंचाच्या पातळ पट्ट्या, मध्ये फटी, वरून दरवर्षी मारलेलं ऑइलपेंट, हे वेगळं प्रकरण. फटीतून हवा खेळते, चुलीत लाकडं रचतो तसंच झालं ना ते.

आता साधी मोल्डेड प्लास्टिकची खुर्ची. ही बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे पीपी. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, आणि पीपीला पेटत राहायला १७-१८ टक्के पुरतो. म्हणून काडी बाजूला घेतली तरी ते आपलं जळतच राहतं. साधारण १६० अंशांच्या पुढं वितळतं आणि पेटते थेंब गाळतं. वजनाला वजन धरलं तर पीपीमधून निघणारी उष्णता जवळपास पेट्रोलइतकी असते, लाकडाच्या दुपटीहून जास्त. अडीच किलोची खुर्ची म्हणजे अंदाजे तीन-सव्वातीन लिटर पेट्रोल. पेट्रोलसारखी भडकन पेटत नाही, पण एकदा लागली की उष्णता तेवढी देते. हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मी परत एकदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं होतं.

रिसायकल प्लास्टिकचे बाक, हल्ली कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून मिळतात, "इतक्या किलो दुधाच्या पिशव्यांपासून बनवलेला" अशी पाटी असते. कल्पना मला आवडते, आमच्याकडंही दोन आहेत. फक्त ते बहुतेक पॉलिथिन असतं, पीपीचंच भावंड, आणि एका बाकात ते भरपूर किलो असतं. पेटायला वेळ लागतो कारण जाड असतं, पण पेटलं की विझवायला घाम निघतो. सिमेंटचा बाक कुठंही ठेवा, हा मात्र जागा बघून ठेवा.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण, त्या नावावर दोन वेगळ्या गोष्टी विकतात. एक लाकडाचा भुसा आणि पॉलिथिन, ते पॉलिथिनसारखं वागतं. दुसरं पीव्हीसीवालं, ते ज्योत काढली की बहुतेक विझतं कारण पीव्हीसीला पेटत राहायला हवेत असतो त्यापेक्षा बराच जास्त ऑक्सिजन लागतो, पण त्याचा धूर आम्लाचा असतो, डोळे-घसा धरतो. दुकानदाराला विचारा नक्की कुठलं, तो "सर बेस्ट क्वालिटी" म्हणेल, परत विचारा.

एफआरपी म्हणजे फायबरचे बाक: काचेचे धागे जळत नाहीत पण त्यातलं पॉलिएस्टर रेझिन जळतं आणि काळाकुट्ट धूर देतं. फायर रिटार्डंट, म्हणजे उशिरा पेटणारं, रेझिन वापरलेलं मिळतं, मागावं लागतं.

आणि सगळ्यात वाईट, फोमच्या गाद्या. सिनियर सिटिझन कट्ट्यासाठी कुणीतरी प्रेमानं रेक्झिनच्या गाद्या शिवून आणतं. आत पीयू (पॉलियुरेथेन) फोम. तो झपकन पेटतो आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड असतं. सिगरेटचं थोटूक फटीत गेलं तर आत तासभर धुमसत राहून मग पेटेल, तोवर सगळे घरी जेवायला गेलेले. मी गाद्या बंद केल्या, शिव्या खाल्ल्या.

कळतच नसेल कशाचं आहे तर एक देशी टेस्ट आहे. बाकाच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागातून नखाएवढा तुकडा काढा, उघड्यावर, शेजारी पाण्याची बादली आणि वाळू, पकडीत धरून लायटर लावा. मेणबत्तीसारखा वास आणि थेंब पडतायत तर पीपी नाहीतर पॉलिथिन. ज्योतीच्या कडेला हिरवट झाक, झोंबणारा वास, आणि लायटर काढल्यावर विझलं तर पीव्हीसी, नाक लांब ठेवा. काळा धूर, काजळी उडतेय आणि शेवटी पांढरी जाळी उरली तर फायबर. कापडाचंही तसंच, सुती कापड कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर आक्रसून वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. एकट्यानं करू नका, आणि पोरांना दाखवायला तर अजिबात नको, दुसऱ्या दिवशी तीच करून बघतात.

दुसरं: वाका आणि खाली बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. बाक कशाचा आहे याच्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, त्याच्या खाली काय साचलंय हे बघा.

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला ११ मे १९८५ ला फुटबॉलची मॅच चालू होती. जुना लाकडी स्टँड, बसायच्या जागेखाली पोकळी, आणि फळ्यांच्या फटीतून वर्षानुवर्षं कागद, वेष्टनं, कपटे खाली पडत गेलेले. जळती सिगरेट किंवा काडी असंच काहीतरी फटीतून खाली गेलं. हाफ टाइम व्हायच्या जरा आधी धूर दिसला आणि चारेक मिनिटांत अख्खा स्टँड पेटला, कारण वर छपराला डांबराचा थर होता. ५६ माणसं गेली. नंतर त्या कचऱ्यात १९६८ सालचं वर्तमानपत्र सापडलं, म्हणजे सतरा वर्षं खाली कुणी झाडूच मारला नव्हता. आणि तो स्टँड त्याच मॅचनंतर पाडून नवा बांधायचा होता, ही तर हद्दच झाली. जे पुढं मैदानाकडं पळाले ते बहुतेक वाचले, मागच्या दारांकडं गेलेल्यांना दारं बंद मिळाली.

आता आपली बाग बघा. बाकाखाली कडुलिंबाचा, गुलमोहराचा वाळका पाला, कुरकुऱ्यांची पाकिटं, बिड्यांची थोटकं. माळी पाला झाडून ढीग कुठं करतो? बाकाच्या मागं. आणि पेटवतो पण तिथंच (पाला जाळायचाच नाही, खड्डा करून खत करा, पण माळ्याला ते पटवणं वेगळा लेख होईल). थंडीत वॉचमनची शेकोटी कुठं? बाकाच्या समोर, कारण बसून शेकता येतं. डस्टबिन कुठं? बाकाला चिकटून, म्हणजे लोक सोयीनं टाकतील, आणि त्या डस्टबिनमध्ये कुणीतरी जळतं थोटूक टाकतं. मी स्वतःपुरता नियम केलाय, जळू शकणारा बाक असेल तर डस्टबिन, पाल्याचा ढीग, इलेक्ट्रिकची डीपी आणि वाळक्या मेंदीचं कुंपण यांच्यापासून दहा फूट. हा काही सरकारी आकडा नाही, माझा आहे. जागा नसेल तर तिथं सिमेंटचा बाक टाका, वाद मिटला.

डीपीजवळच्या बाकाचं वेगळं सांगतो, तिथं सावली असते म्हणून लोक खुर्च्याही ओढून बसतात. ठिणगी पडायची जागा आहे ती. हलवा.

तिसरं: नवीन घेताना काय विचारायचं

"फायर रिटार्डंट आहे का?" असं विचारू नका, उत्तर हो हेच असतं. आणि रिटार्डंटचा अर्थ उशिरा पेटेल एवढाच आहे, पेटणारच नाही असा नाही. त्यापेक्षा विचारा, टेस्ट रिपोर्ट आहे का, कुठल्या टेस्टचा, आणि किती जाडीच्या नमुन्याचा.

प्लास्टिकसाठी यूएल ९४ ही अमेरिकन टेस्ट नेहमी ऐकू येईल. उभ्या पट्टीला ज्योत लावून काढून घेतात. व्ही-० म्हणजे दहा सेकंदांच्या आत विझलं आणि पेटते थेंब पडले नाहीत. व्ही-१ ला तीस सेकंद, थेंब पेटते नकोत. व्ही-२ लाही तीस सेकंदच, पण पेटते थेंब पडलेले चालतात, म्हणजे आमच्या दिवाळीची गोष्ट. एचबी सगळ्यात खालचं, आडव्या पट्टीवर हळू जळतं एवढंच. जाडीचं का विचारायचं तर तीच वस्तू जाड असली की पास होते आणि पातळ असली की नापास, रिपोर्ट ३ मिलिमीटरचा आणि बाक दीडचा असेल तर तो रिपोर्ट फ्रेम करून ऑफिसात लावा फक्त. गादी असलेल्या सीटसाठी ब्रिटिश बीएस ५८५२ चा रिपोर्ट दाखवतात, त्यात सिगरेटपासून ते लाकडाच्या छोट्या रचलेल्या ढिगापर्यंत चढत्या पायऱ्या आहेत, किती नंबरच्या पायरीला पास ते बघा.

मैदानाच्या गॅलरीसाठी बकेट सीट घेणार असाल (शाळांची, क्लबांची मैदानं) तर फिफाच्या सुरक्षा नियमात सीट न तुटणारी आणि न पेटणारी असावी असं आहे, ते दाखवून विक्रेत्याशी बोला. गर्दी चिडली की आग मुद्दाम पण लावते हे आपण १९९६ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला ईडन गार्डन्सवर बघितलंय, भारत ८ बाद १२०, गॅलरीत जाळपोळ, मॅच श्रीलंकेला, आणि कांबळी रडत बाहेर. तेव्हा "आपल्याकडं कोण कशाला पेटवेल" हे नका धरू. होळीला बागेतल्या बाकाच्या फळ्या पळवणारी पोरं आमच्याच बिल्डिंगमधली होती. त्यावरून एक, बाहेरच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून औषध दिलेलं असतं, काही जुन्या प्रकारांत आर्सेनिक असतं, त्याच्या फळ्या होळीत, शेकोटीत, बंबात कधीच नाही.

लाकडाला आग रोखायचं औषध दिलंय असं सांगितलं तर एकच प्रश्न, बाहेरच्या वापराचं आहे का? घरातल्या लाकडाला देतात ती क्षारांची औषधं पाण्यात विरघळतात. आपल्याकडचे चार महिने पाऊस झाला की औषध गटारात आणि सर्टिफिकेट फाईलमध्ये.

चौथं: कार्यक्रमाच्या भाड्याच्या खुर्च्या

मंडपासाठी आयएस ८७५८ नावाचं भारतीय मानक आहे. त्यातलं मुख्य म्हणजे सिंथेटिक कापड आणि सिंथेटिक दोर नको, आणि चालू विजेच्या तारांखाली मंडप नको. हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या बक्षीस समारंभात मंडप पेटला, वरचं सिंथेटिक कापड वितळून पेटतं खाली बसलेल्यांवर पडलं, बाहेर पडायला धड एकच वाट, चारशेच्या वर माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. म्हणून वर काय आहे तेही बसायच्या जागेचाच भाग समजा.

सुती कापडाला द्यायचं एक जुनं मिश्रण त्या मानकात आहे, वजनानं अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २, टाकणखार (बोरॅक्स) १, बोरिक ॲसिड १, तुरटी २, पाणी ३५. कापड त्यात भिजवून वाळवायचं. धुतलं किंवा पावसात भिजलं की परत द्यायचं. साटीनच्या कव्हरांना याचा काही उपयोग नाही, ती पॉलिएस्टरची असतात, मी कव्हरंच सांगत नाही आता, भाडंही वाचतं.

मांडताना दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल अशी वाट ठेवा आणि रांगा फार लांब करू नका. सुट्या प्लास्टिकच्या खुर्च्या धावपळीत आडव्या होतात आणि पायात अडकतात, त्यामुळं चार-चार खुर्च्या मागच्या पायांना एकत्र बांधून घेतो आम्ही. कोजागिरीच्या शेगडीच्या आणि वडापावच्या स्टॉलच्या बाजूला रांगेचं तोंड नको, वारा कुठून येतोय बघा, आणि सिलिंडर खुर्च्यांच्या मागं लपवू नका "दिसायला बरं दिसत नाही" म्हणून.

पाचवं: कार्यक्रम संपला, खुर्च्या कुठं ठेवल्या?

इथं जवळजवळ प्रत्येक सोसायटी चुकते. स्वतःच्या शंभर खुर्च्या घेतात आणि जिन्याखाली चळत मारतात. शेजारी मीटर रूम. आता वरचं गणित आठवा, शंभर खुर्च्या म्हणजे अडीचशे किलो पीपी, म्हणजे उष्णतेत सव्वातीनशे लिटर पेट्रोलच्या आसपास. दोनशे लिटरचे दीड ड्रम पेट्रोल तुम्ही जिन्याखाली ठेवाल का? मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं तर बागेत निरुपद्रवी असलेल्या याच खुर्च्या जिना धुरानं भरून टाकतील, आणि जिना चिमणीसारखा धूर वर ओढतो. वरच्या मजल्यावरचे लोक उतरणार कुठून? उघड्यावर एक खुर्ची पेटली तर माणूस दोन पावलं मागं होतो, बंद जागेत चळत पेटली तर मागं व्हायला जागा नसते.

आणि चळत एका सुट्या खुर्चीपेक्षा वाईट जळते, कारण खुर्च्या एकमेकींना तापवतात, मधल्या फटीतून हवा वर जाते, खाली वितळलेल्याचं तळं होतं आणि ते वरच्यांना पेटवतं. आम्ही कंपाउंडच्या कोपऱ्यात, बिल्डिंगपासून लांब, पत्र्याची बंद शेड केली, दहा-दहाच्या बुटक्या चळती, त्यांच्यात मोकळी जागा, आत लाइटचं कनेक्शनच घेतलं नाही, टॉर्च घेऊन जायचं. शेडचा खर्च जनरल बॉडीत मंजूर करून घ्यायला दोन मीटिंगा गेल्या.

उन्हानं पांढुरक्या पडलेल्या, भुकटी सुटणाऱ्या खुर्च्या साठवू नका, भंगारात द्या. सगळ्यात आधी त्याच मोडतात, आणि जागा मात्र अडवून बसतात.

सहावं: पेटलंच तर

आधी माणसं लांब, मग १०१ ला फोन, मग विझवणं. वीज आसपास असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय पाणी नाही. एखाद-दोन खुर्च्या, बाक, पाला यांना पाणी चालतं, फवारा करून आणि लांबून, जोराची धार वितळत्या तळ्यावर मारली तर पेटता रस उडतो. वाहणारा रस वाळूनं अडवा, म्हणून बागेत वाळूच्या दोन बादल्या भरलेल्या ठेवा (आमच्यात लोक कुंडीसाठी वाळू नेतात, दर महिन्याला बघावं लागतं). आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर असेल तर ज्योतीच्या टोकावर नाही, बुडाशी मारा, आणि विझल्यावरही पाणी मारत राहा कारण वितळलेलं प्लास्टिक आतून गरम असतं, परत भडकतं. चळत अख्खी पेटली असेल तर हिरोगिरी नको, लांब व्हा.

चपलेनं तुडवायचं नाही. पेटता थेंब चपलेला चिकटतो आणि चप्पलही त्याच जातीची असते.

कुणाच्या अंगावर थेंब पडला तर साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. चिकटलेलं प्लास्टिक ओढून काढायचं नाही, कातडं निघतं, ते डॉक्टर बघतील. हळद, टूथपेस्ट, बर्फ यातलं काही नाही. अंगठी, बांगडी लगेच काढा, नंतर सूज येते. मोठं असेल तर १०८.

आणि ती वही टाकून देऊ नका. आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी एक जण काठी आणि टॉर्च घेऊन सगळ्या बाकांखाली काठी फिरवून येतो, पाला, थोटकं, पाकिटं काढतो, वाळूच्या बादल्या बघतो, वहीत सही करतो. अर्धा तास लागतो. या महिन्यात माझी पाळी आहे, गेल्या वेळी एका बाकाखाली अर्धी जळलेली फुलबाजी सापडली होती, दिवाळी होऊन तीन महिने झाले होते.